रहिवासी, दुसरा मजला

पाकिटावर आईचं नाव नव्हतं.
‘रहिवासी’ एवढंच,
जसं खोक्यावर लिहितात ‘काच’.
मी बारा वर्षांची. लोवेलच्या त्या लाकडी तिमजली घरात
आमची सगळी पत्रं माझ्याच तोंडून वाचली जायची:
वीज, शाळा, दवाखाना,
आणि आता हे.

ख्मेरमध्ये ‘जप्ती’ला शब्द असणारच.
मला ठाऊक नव्हता.
मी म्हटलं, बँकेनं घर उचललं.
आईनं भातावरचं झाकण खाली ठेवलं
आणि छताकडे पाहिलं,
कुठल्या कोपऱ्यातून उचलतायत ते बघायला.

भाडं तर चुकलं नव्हतं.
दर एक तारखेला पोस्टाची मनीऑर्डर,
मिस्टर टिबोच्या हातात, त्याच्या गाडीच्या काचेतून.
तो वाईट नव्हता.
बॉयलर बंद पडला तेव्हा ऐन बर्फात
स्वतः तळघरात उतरला होता,
गुडघे टेकून, फ्रेंचमध्ये शिव्या देत.
आठ महिने त्यानं आमचं भाडं घेतलं
आणि बँकेला छदाम दिला नाही.
दोन्ही माणसं तोच.
आता फोन लागत नव्हता.

मग ब्रेंडन आला. गळ्यात ओळखपत्र, बुटांना चिखल.
म्हणाला, शुक्रवारपर्यंत चावी द्या,
दोन हजार डॉलर रोख घ्या.
सांगताना मी ‘शुक्रवार’ गाळला.
पण आईला इंग्रजीतला तेवढा एक वार येत होता,
मासळीच्या कारखान्यात पगार त्याच दिवशी व्हायचा.
ती काही बोलली नाही.
नऊ वर्षांची असताना तिला असंच सांगितलं होतं,
तीन दिवसांपुरतं शहर सोडा, मग परत या.
चुलीवरचं भांडंसुद्धा उतरवलं नव्हतं.

खालच्या रोझिल्दानं सही केली.
गादी गाडीच्या टपावर बांधली,
लेकाची घसरगाडी मला देऊन टाकली.
नव्या घराच्या अनामतीत
ते दोन हजार पुरलेसुद्धा नाहीत.

बुधवारी चर्चचं तळघर, घडीच्या खुर्च्या, करपलेली कॉफी.
अर्लिंदो, निवृत्त बसड्रायव्हर,
दर वाक्याला थांबा घेत बोलायचा:
मालक बदलला म्हणून तुम्ही चोर ठरत नाही.
नोटीस लागते. नव्वद दिवसांची, निदान.
करार असेल तर तो नव्या मालकालाही बांधतो.
तुम्हाला बाहेर काढायचं, तर कोर्टानं. ब्रेंडननं नाही.
भाडं बाजूला काढून ठेवा. पावत्या जपा.
सही करू नका.
(हे तो दोनदा म्हणाला.
दुसऱ्यांदा रोझिल्दाची रिकामी खिडकी
माझ्या डोळ्यांपुढून गेली.)

‘हक्क’ मात्र मला येत होता.
आमच्यात लिहितात ‘सिद्धि’,
म्हणतात नुसतं ‘सत’,
शेवट गिळून टाकतात.
आईनं मला तो पुन्हा म्हणायला लावला,
कानाशी, पूर्ण.

शुक्रवारी ब्रेंडन आला.
आईनं साखळी न काढता दार उघडलं.
काखेत फिश सॉसचं खोकं,
त्यात एकाहत्तर पावत्या, रबरबँडात.
आठवडाभर भांडी घासताना घोकलेलं
एकच वाक्य ती बोलली:
आधी तुझा कागद दाखव.
त्यानं पिशवी चाचपली. मग दुसरा खिसा.
फटीतून थंडी आत येत होती,
आणि आई दार लोटायची घाई करत नव्हती.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही.
फेब्रुवारीत बॉयलर पुन्हा बसला,
आणि आता शिव्या देत खाली उतरणारं कुणी नव्हतं.
तिघं एका गोधडीत, मी बँकेला फोन लावला.
घर तुमचं, मग ऊबही तुम्हीच द्यायची,
आईनं सांगितलं तसं मी म्हटलं.
पलीकडून विचारलं, कोण बोलतंय?
मी म्हणणार होते, रहिवासी.
आईनं कोपरानं ढोसलं.
प्राक सोथारी, मी म्हटलं,
आणि स्पेलिंग सांगायला लागले,
एकेक अक्षर, सावकाश,
तो लिहून घेतोय की नाही
ते ऐकत.